सेक्टर ६७ ते नैनादेवी

पत्ता सांगताना आम्ही सरळ ‘चंदीगड’ म्हणून मोकळे होतो, पण सेक्टर ६७ आहे मोहालीत, म्हणजे पंजाबात. तुमचं कोणी इकडे नोकरीला असेल तर सुट्टीत जरूर या, आणि एक दिवस नैनादेवीसाठी राखून ठेवा. शंभरेक किलोमीटरचं अंतर. सकाळी सहाला निघालात तर दिवेलागणीला घरी.

आम्ही शेजारपाजारची चार घरं मिळून एक ट्रॅव्हलर गाडी केली होती. माझ्या सासूबाई मात्र यायला तयार नव्हत्या. ‘डोंगरावरच्या देवीला आपला खालूनच नमस्कार,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं माहेर वाईकडचं. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळजवळ तीनशे माणसं गेली. त्या दिवशी त्या पायथ्याशीच होत्या. बरोबरची मैत्रीण घाईने पुढे गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून त्यांनी एकही गड चढला नव्हता.

त्यांना गाडीत बसवलं ते शेजारच्या बीजींनी. बीजी सत्तरीच्या, मराठीचा गंध नाही. त्यांनी येऊन एवढंच विचारलं, ‘चलोगे ना, बहनजी?’ आणि डबा सासूबाईंच्या हातात ठेवला. आलूचे पराठे आणि आंब्याचं लोणचं. आता डबा हातात आल्यावर नाही कसं म्हणणार?

खरड, कुराली, रोपड करत गाडी कीरतपूर साहिबला लागते, तिथून आनंदपूर साहिब. १६९९च्या बैसाखीला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली ते हेच गाव. इथपर्यंत रस्ता सपाट. पुढे घाट सुरू होतो आणि तुम्ही हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात शिरता. वळणं बरीच आहेत. पोटात ढवळणाऱ्यांनी पराठे परतीला खावेत. आमच्याकडच्या दोन मुलांनी ऐकलं नाही, गाडी दोनदा थांबवावी लागली.

सतीचे डोळे इथे पडले म्हणून ही नैनादेवी, अशी कथा सांगतात. वर जायला रोपवे आहे, पायऱ्याही आहेत. आम्ही रोपवेच्या रांगेकडे वळलो, तर सासूबाई पायऱ्यांकडे बघत उभ्या. बीजी त्यांच्याजवळ गेल्या आणि हिंदीत हळू आवाजात बोलू लागल्या. ३ ऑगस्ट २००८, श्रावणातली जत्रा, मुसळधार पाऊस. दरड कोसळली अशी अफवा उठली आणि लोक उलटे धावले. दीडशेच्या आसपास माणसं याच वाटेवर गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. बीजींच्या भाच्याची मुलगी त्यांतली.

सासूबाईंना सगळं हिंदी कळलं असेल असं नाही. त्यांनी बीजींचा हात धरला आणि पहिली पायरी चढल्या. आम्ही मुकाट्याने मागून निघालो. दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर दोघी बसायच्या, एकाच बाटलीतलं पाणी प्यायच्या. नोव्हेंबरातला साधा मंगळवार होता, गर्दी नावाला. तुम्हीही असाच दिवस निवडा. चैत्र आणि आश्विनातली नवरात्रं आणि श्रावणातली जत्रा टाळा. देवी काही कुठे जात नाही. प्रसादाची पिशवी मात्र घट्ट धरा, माकडं टपलेलीच असतात.

दर्शन दहा मिनिटांत झालं. आवारातल्या जुन्या पिंपळापाशी सासूबाई बराच वेळ बसून होत्या. वरून एका बाजूला गोविंदसागर दिसतो. भाक्रा धरणामुळे सतलजचं पाणी अडून झालेला हा जलाशय. जुनं बिलासपूर गाव याच पाण्याखाली गेलं. दुसऱ्या बाजूला खाली आनंदपूरचा सपाट मुलूख. हवा स्वच्छ असेल तर इथे तासभर सहज जातो.

परतताना आनंदपूरला गुरुद्वाऱ्यात लंगर घेतला. डाळ, रोटी, खीर. सासूबाईंनी रोटी मागून घेतली, मग भांडी घासायच्या रांगेतही जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही गाडीपाशी अर्धा तास वाट बघत होतो.

मोहाली जवळ आलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘यांना सांग, आमच्या काळूबाईला या म्हणावं. पौषात नको, एरवी कधीही. मी नेईन वर.’ मी सांगितलं. बीजींनी फोन माझ्यापुढे धरला आणि गावाचं नाव त्यात लिहून घेतलं.