एक नंबर कोण?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कापूस वेचणीचे दिवस, घरात पाहुणे, त्यात माझे डोळे. असो. आज लिहायला बसलो त्याला कारण एक फोन.

परवा रविवारी सकाळी चहा घेत होतो, तर अमेरिकेहून फोन आला. माझ्या धाकट्या भावाचा नातू, वय वर्षं सोळा, मुक्काम न्यू जर्सी. मला तो 'मोठे आबा' म्हणतो. मराठी बरं बोलतो, पण चिडला की इंग्रजीत जातो. परवा चिडलेलाच होता.

"मोठे आबा, तुम्हीच सांगा. बाबा ऐकतच नाहीत."

भांडण कशावरून? तर त्यांच्याकडच्या फुटबॉलवरून. त्या खेळात पायाचं काम थोडं आणि हाताचं फार, तरी नाव फुटबॉल! त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि समोरची धिप्पाड माणसं अंगावर येऊन आदळायच्या आत तो कोणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. म्हणजे संघाचा सारथीच म्हणा. तर आजवरचा सर्वांत श्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, हा वाद. माझा पुतण्या म्हणतो टॉम ब्रेडी, कारण त्याच्या नावावर सात विजेतेपदं. पोरगा म्हणतो पॅट्रिक महोम्स, कारण त्याने तिशीच्या आत तीन मिळवली. बाप म्हणतो, फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले तेव्हा ब्रेडीचा संघ ३१-९ ने जिंकला, विषय संपला. पोरगा म्हणतो, त्या दिवशी महोम्सच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणारे खेळाडू जायबंदी होते, हरला तो संघ, तो नाही. आणि मग त्याने हुकमाचं पान टाकलं : डॅन मरिनो. या माणसाने १९८४ च्या मोसमात ५०८४ यार्ड फेक केली. तोवर पाच हजाराच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सतरा मोसम खेळला, विजेतेपद एकही नाही. "मग तो काय फालतू होता का, मोठे आबा?"

मी हसलो. त्याला वाटलं त्याच्यावर हसलो. पण हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं, आमच्या कोरपन्याच्या घरात, याच ओसरीवर, चाळीस वर्षं. फक्त नावं वेगळी होती, आणि बोलणारा या पोराचा आजोबा होता.

आमच्यात मी गावसकरांचा. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटीत ७७४ धावा झाल्या तेव्हा मी नुकताच विशीत आलो होतो. नागपूरचा तरुण भारत आमच्याकडे एसटीने यायचा, बहुतेक दुसऱ्या दिवशी. शतक झाल्याचं आम्हाला शिळं होऊन कळायचं, पण आनंद ताजा असायचा. धाकटा मात्र विश्वनाथचा. त्याचं म्हणणं, गावसकर हिशेब मांडतो, विश्वनाथ खेळतो. आणि त्याच्याकडे एक पक्का मुद्दा होता. विश्वनाथची कसोटीत चौदा शतकं, आणि त्याने शतक केलेली एकही कसोटी भारत हरला नाही. "शतक कराचं तं असं करा, का संघ वाचला पाह्यजे," असं तो म्हणायचा. पुढे विश्वनाथने गावसकरांच्या बहिणीशी लग्न केलं. ते दोघे मेहुणे झाले, आम्ही सख्खे भाऊ भांडतच राहिलो.

मला टोचायला त्याच्याकडे १९७५ चा विश्वकरंडक होता. इंग्लंडच्या ३३४ धावा, आणि आमचे साहेब साठ षटकं खेळून नाबाद ३६. चेंडू १७४! यावर माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. मी शिक्षक, त्यामुळे उत्तर नसलं की विषय बदलण्याची कला होती.

उत्तर मिळालं ते ३१ ऑक्टोबर १९८७ ला, नागपुरात. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. कोरपन्याहून राजुरा, तिथून चंद्रपूर, मग वरोरा, जांब करत आम्ही दोघे आदल्या रात्री नागपूरला पोचलो. सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर भारत-न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवले, ते तर झालंच. पण मग २२२ धावा करायला गावसकर आले. वय अडतीस. गट पहिल्या क्रमांकाने जिंकून मुंबईत उपांत्य सामना खेळायचा तर धावा झपाट्याने हव्या होत्या. आणि ज्या माणसाची मी आयुष्यभर संयमासाठी वकिली केली, तो माणूस चॅटफिल्डला एका षटकात दोन षटकार आणि दोन चौकार मारून मोकळा झाला! ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं पहिलं आणि शेवटचं शतक, आणि ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मी वेड्यासारखा ओरडत होतो. शेजारी धाकटा गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे येत होतं तं इतके वर्ष केलं काऊन नाही?"

हा प्रश्न मी आजही सोडवलेला नाही.

पुढे सचिन आला आणि धाकट्याला नवा देव मिळाला. विश्वनाथ मागे पडला. खरं तर तिथेच मी त्याला पकडायला हवं होतं. ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध सचिनने पाठदुखी सोसत १३६ केल्या, आणि तो बाद झाल्यावर भारत १२ धावांनी हरला. मी म्हटलं, "काय रे, तुझा नियम होता ना, शतकाने संघ वाचला पाहिजे?" तर लगेच म्हणतो, "बाकीचे निजले तं तो काय करन?" म्हणजे माणूस बदलला तसं मापही बदललं. अर्थात मीही काही वेगळा नव्हतो. गावसकरांचा शेवटचा कसोटी डाव, बंगळूर, मार्च १९८७, खेळपट्टी चेंडू हातभर वळवणारी, ९६ धावा. तीही कसोटी पाकिस्तानविरुद्ध आणि तीही आपण १६ धावांनी हरलो. तो डाव मी सगळ्यांत वर ठेवतो. म्हणजे बघा, आम्हा दोघांच्या आवडत्या खेळाडूंचे दोन श्रेष्ठ डाव हरलेल्या सामन्यांतले. आणि विश्वविजेतेपद? दोघांनाही मिळालं. १९८३ च्या अंतिम सामन्यात गावसकर २, २०११ च्या अंतिम सामन्यात सचिन १८. विजेतेपदं मोजून क्रमांक लावणाऱ्या पुतण्याला मी हे सांगणार आहे.

आकडे मोजायचे तर कसोटीत सचिनच्या १५,९२१ धावा, ५१ शतकं. गावसकरांच्या १०,१२२ आणि ३४. संपलं. पण मी म्हणायचो, हेल्मेट नव्हतं, आणि समोर मार्शल, होल्डिंग. तो म्हणायचा, "७१ साली कुठं होता तुझा होल्डिंग?" हे मात्र खरं आहे. त्या ७७४ धावांच्या वेळी वेस्ट इंडिजचा तो भेदक तोफखाना अजून यायचा होता. मग मी डिसेंबर १९८३ ची चेन्नई काढायचो. त्या वेळी गावसकर चौथ्या क्रमांकावर आले, तर फलकावर शून्य धावा आणि दोन गडी बाद. दोन्ही मार्शलने घेतलेले. तिथून नाबाद २३६. यावर धाकटा कपाशीकडे बघत बसायचा.

त्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. तो शेतकरी माणूस. कापूस विकायला नेला की ग्रेडर मूठभर कापूस घेतो, चिमटीत ओढून धागा पाहतो आणि प्रत सांगतो. "दादा, सकाळी एक नंबर सांगतलेला कापूस सांजच्याला दोन नंबर होते. कापूस तोच रायते. पाहणारा थकला रायते." मी पस्तीस वर्षं वर्गात क्रमांक लावले, मला हे कबूल करायला जड गेलं. दोन पोरांना सारखे गुण पडले की आम्ही गणिताचे गुण पाहून पहिला ठरवत असू. गणितच का? कोणी विचारलं नाही, मीही नाही.

आणि जे यादीतच नाहीत त्यांचं काय? भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला, आणि मध्यंतरात समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडला. संघ स्टेशनकडे निघून गेला! निंबाळकरांना कसोटी एकही मिळाली नाही. त्यांना कितव्या क्रमांकावर बसवायचं? या एका बाबतीत आम्हा भावांचं एकमत होतं.

आता एक गोष्ट सांगतो, घरातल्या बऱ्याच जणांना ती माहीत आहे. १९९६ साली शेताची वाटणी झाली. विहीर कोणाकडे जाते यावरून शब्दाला शब्द वाढला. चूक माझीही होती, मोठा असून मी ते बोलायला नको होतं. मधे भिंत आली. दोन वर्षं बोलणं बंद. सणाला पोरं इकडून तिकडे जायची, आम्ही नाही.

२२ एप्रिल १९९८. शारजा. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना, मधे वाळूचं वादळ, आणि त्यानंतर सचिन. आमच्याकडे वीज होती, भिंतीपलीकडे फ्यूज उडालेला. अंगणात कोणी येऊन उभं राहिल्याचं मला दिसलं. सौभाग्यवतींनी काही न बोलता दाराशी सतरंजी टाकली. तो येऊन बसला. एक तास कोणी बोललं नाही. सचिन १४३ वर बाद झाला (तोही सामना आपण हरलो बरं का, फक्त अंतिम फेरी गाठली). तेव्हा टीव्हीकडेच बघत तो म्हणाला, "दादा, आता सांग. गावसकर हे खेळला असता का?"

मी म्हणालो, "गावसकर असता तर त्याने वादळाच्या आधीच सामना अनिर्णित ठेवला असता."

तो इतका हसला की खोकला लागला. दोन दिवसांनी सचिनचा वाढदिवस, अंतिम सामना, १३४ धावा. त्या रात्री त्याचा फ्यूज शाबूत होता, तरी तो आमच्याकडेच आला.

त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही हाच वाद घातला. शेत, विहीर, पैसा यांवर पुन्हा कधी बोललो नाही. २०१९ च्या थंडीत एकदा शेकोटीजवळ बसलो होतो. तेव्हा त्याने एक प्रस्ताव ठेवला. म्हणाला, "दादा, आता आपण म्हातारे झालो. शेताची वाटणी केली, याचीबी करून टाकू. सामना वाचवाचा असन तं तुझा गावसकर. जिंकाचा असन तं माझा सचिन. दोघंबी एक नंबर." खरं म्हणजे इतका नेमका निवाडा मला कधी सुचला नव्हता. आम्ही दोघे चाळीस वर्षं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देतोय असं समजत होतो, आणि प्रश्नच दोन होते.

मी काय म्हणालो? "या वाटणीपत्रावर मी सही करणार नाही. एक नंबर एकच असतो."

तो म्हणाला, "मले माहीत होतं." आणि शेकोटीत आणखी एक पऱ्हाटी सरकवली.

मे २०२१ मध्ये तो गेला. त्या दिवसांत कोणाला शेवटचं भेटता येत नव्हतं, आम्हालाही आलं नाही.

तर परवा फोनवर पोरगा विचारत होता, "सांगा ना मोठे आबा, कोण बरोबर? मी की बाबा?" पलीकडून पुतण्याचा आवाज येत होता, "काका, त्याला नीट समजवा हो." वाचवायला कोण आणि जिंकायला कोण, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं. म्हटलं, इतक्या घाईने निकाल देता येत नाही, मला सगळं पाहावं लागेल. पोराने लगेच व्हिडिओंची यादी पाठवली. एकवीस आहेत. त्या खेळाचे नियम काही डोक्यात शिरत नाहीत, पण त्या मरिनोचा हात मात्र बघण्यासारखा आहे. कोपरातून झटकन फेकतो, बेहड्याच्या झाडावर दगड मारणाऱ्या आमच्या शाळेतल्या पोरांसारखा.

येत्या रविवारी पुन्हा फोन येईल. बाप ब्रेडीचा, पोरगा महोम्सचा. मी मरिनोची बाजू घेणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.