वाऱ्याचा सांधा

पावसाळा सरता सरता गगनबावड्याला करूळ घाटाच्या माथ्यावर उभं राहिलं, की कोकणातलं धुकं कातळाला चिकटून वर चढताना दिसतं. काठ ओलांडला की ते उसळतं आणि कोल्हापूरच्या दिशेनं पळत सुटतं. त्या सकाळी मात्र माझी नजर पायाशी खिळली. डोक्यावरचं धुकं पूर्वेला धावत होतं आणि गवताची पाती कड्याकडे, पश्चिमेला वाकली होती. काठापासून थोडं आत गुरं राखणारे एक मामा उकिडवे बसून काडी ओढत होते. "बसा की खाली, ताई. वारं डोस्क्यावरनं जातंय." मी बसले. काडी विझली नाही.

पुण्यात बसून मी संगणकावर जे चित्र काढते, ते हेच. धारदार काठाशी वारा जमीन सोडतो आणि सुटलेल्या प्रवाहाखाली उलटा फिरणारा भोवरा राहतो. पवनचक्की कुठे उभारावी, हे ठरवताना असा भोवरा कुठवर पसरतो ते कळावंच लागतं.

सगळाच वारा मोजायचा म्हटलं तर? त्यातले सर्वांत बारीक भोवरे मिलिमीटरभराचे असतात. एक घन किलोमीटर हवेचे तेवढे बारीक तुकडे केले, तर एकावर अठरा शून्यं इतक्या चौकटी होतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली आलेल्या 'प्रत्यूष' या महासंगणकाचा वेग चार पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. प्रत्येक चौकटीत फक्त एक बेरीज करायची, तरी एका फेरीला चार मिनिटं लागतील. एका फेरीत वारा क्षणाच्या बारीक तुकड्याइतकाच पुढे सरकतो, म्हणून तासाभराच्या वाऱ्याला अशा साडेतीन कोटींहून जास्त फेऱ्या लागतात, म्हणजे पावणेतीनशे वर्षं.

म्हणून तडजोड करावी लागते. रेनॉल्ड्सनं १८९५ साली दाखवलेली वाट सरासरीची: भोवरे मोजायचे नाहीत, त्यांचा एकूण परिणाम अंदाजानं धरायचा. जमिनीलगत ही रीत चांगली चालते. सुटलेल्या प्रवाहात ती भोवरे पुसून टाकते. मोठे भोवरे प्रत्यक्ष मोजायचे आणि फक्त बारीक अंदाजानं धरायचे, ही दुसरी रीत तिथे खरी ठरते, पण जमिनीलगत परवडत नाही. १९९७ साली स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र आणल्या. नियम साधा आहे. जमिनीपासूनचं अंतर आणि चौकटीच्या सर्वांत लांब बाजूची ०.६५ पट, यांतलं जे लहान ते घ्यायचं. अंतर लहान असेल तिथे सरासरी चालते, पलीकडे भोवरे मोकळे सुटतात.

नियम साधा, पण दोन रीतींचा सांधा कुठे पडेल ते मेश, म्हणजे चौकटींचं जाळं, विणणाऱ्याच्या हातात असतं. सुरुवातीच्या वर्षांत मी कड्याच्या माथ्यावर हौसेनं फार बारीक मेश विणली. चौकटी इतक्या लहान झाल्या, की जमिनीलगतच्या थरातच सरासरी थांबली. तिथे मोजण्याजोगे भोवरे अजून तयार झालेले नव्हते आणि अंदाजाचा आधारही गेला होता. वारा जिथे सुटायला नको तिथे सुटला. चित्र सुंदर आलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. या दोषावर २००६ साली उपाय निघाला, त्या थराला कवच देणारा. तरीही नवा रन सुरू करण्याआधी मी सांधा कुठे पडतोय ते डोळ्यांनी पाहते.

कडा त्या मानानं सोपा. वारा कुठे सुटणार ते कातळानंच ठरवलेलं असतं. अवघड असतात ती माथ्यावरची गोलसर टेकाडं. तिथे धार नसते. वारा उताराला चिकटून किती खाली जाईल, हे जमिनीलगतच्या त्या पातळ थरावर ठरतं, आणि नेमका तोच आपण अंदाजानं धरलेला असतो.

मामांचा निरोप घेऊन मी अशाच एका टेकाडाच्या पूर्व उतारावर गेले. काठीला बांधलेली रिबन आधी उताराच्या दिशेनं ताणलेली होती. एका जागी ती लोंबली, उलटी फिरली, पुन्हा सरळ झाली. चार पावलं खाली गेले, तिथेही तसंच. वर परत आले, तर आता रिबन पहिल्या जागेच्याही अलीकडेच लोंबू लागली होती. वहीत मी एका जागेऐवजी दोन्ही टोकं लिहिली आणि मधलं अंतर पावलांनी मोजायला घेतलं.