सांडपाणी, कर्ज आणि पुटेकेटेके

न्यूयॉर्कची रविवार रात्र म्हणजे आपली सोमवार सकाळ. त्यामुळे अमेरिकेने झोपण्यापूर्वी पाहायचा ‘लास्ट वीक टुनाइट’ हा विनोदी कार्यक्रम माझ्या वाट्याला पोह्यांबरोबर येतो. २७ एप्रिल २०१४ च्या पहिल्याच भागात सूत्रसंचालक जॉन ऑलिव्हरने अमेरिकी वाहिन्यांची हजेरी घेतली होती, कारण भारतात एवढी मोठी निवडणूक चालू असताना त्या तिकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. तेव्हापासून मी या चष्मेवाल्या इंग्रजाच्या पक्षात आहे.

नेत्यांची टर उडवणारे तिकडे रोज रात्री पडद्यावर असतात. ते विनोद आठवड्यात शिळे होतात, ऑलिव्हरचेही होतात. माझा जीव अडकतो तो त्याच्या मुख्य विषयात. वीसेक मिनिटं, मध्ये एकही जाहिरात नाही आणि विषय असा की नाव ऐकूनच जांभई यावी: पालिकेचे दंड, कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांचे करार, इंटरनेटचे नियम. दुष्ट काम लपवायचं तर ते कंटाळवाण्या वेष्टनात गुंडाळावं, असं त्याने जून २०१४ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक देण्याच्या नियमावर, बोलताना सुचवलं होतं. मग लोकांना त्या वेष्टनाच्या आत डोकवायला लावण्यासाठी तो हशाची लाच देतो. त्या भागानंतर नागरिकांनी तिकडच्या दूरसंचार आयोगाकडे मतं नोंदवायला एवढी झुंबड उडवली की आयोगाची यंत्रणाच अडखळली.

माझा सगळ्यात आवडता भाग जून २०१६ चा. तिकडे दवाखान्याची थकलेली बिलं विकली जातात. घेणारा ती कवडीमोलाने घेतो आणि पूर्ण रकमेसाठी आजाऱ्याच्या मागे तगादा लावतो. हे नुसतं सांगितलं असतं तर आपण हळहळून उठलो असतो. ऑलिव्हरने पन्नास डॉलर भरून मिसिसिपीत स्वतःचीच वसुली कंपनी काढली! साठ हजारांहून कमी डॉलरमध्ये त्याला जवळपास दीड कोटी डॉलरची थकबाकी मिळाली. ही थकबाकी त्याने एका सेवाभावी संस्थेला दिली आणि सुमारे नऊ हजार माणसं कर्जातून सुटली. एका विनोदी नटाला हा धंदा इतक्या सहज करता येतो, हाच त्या धंद्याविरुद्धचा पुरावा. इथे हसू आणि पुरावा वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून मला हा भाग एखाद्या उत्तम शोधलेखाच्या तोडीचा वाटतो.

डॅनबरीची गंमत त्यामानाने साधी. २०२० मध्ये त्याने कनेटिकटमधल्या या गावाला उगाच शिव्या घातल्या. महापौरांनी गावाच्या सांडपाणी केंद्राला त्याचं नाव देण्याची धमकी दिली आणि मग ती थट्टा असल्याचं सांगितलं. आता माघार नाही, म्हणून ऑलिव्हरच हटून बसला! नाव द्या, स्थानिक संस्थांना ५५ हजार डॉलर देतो. नाव दिलं गेलं आणि हा संरक्षक पोशाख चढवून उद्घाटनाला हजर.

आणि पुटेकेटेके! न्यूझीलंडच्या ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ संस्थेने २०२३ मध्ये शतकातला पक्षी निवडायचं ठरवलं. मत जगात कुठूनही देता येत होतं. ऑलिव्हरने आपल्या टिबुकलीच्या गोतातला, पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारा आणि स्वतःचीच पिसं खाणारा हा तुरेवाला पाणपक्षी उमेदवार म्हणून उचलला. वेलिंग्टन, पॅरिस, टोकियो, लंडन आणि चक्क मुंबईत त्याच्या प्रचाराचे फलक लागले. ब्राझीलच्या किनाऱ्यावरून त्याच्या प्रचाराचं विमान फिरलं. पुटेकेटेकेला २,९०,३७४ मतं पडली. दुसऱ्या आलेल्या किवीला तेरा हजारांच्या आत. मतं तपासायला संस्थेला निकाल दोन दिवस पुढे ढकलावा लागला. न्यूझीलंडमध्ये हा पक्षी हजाराच्या आतच उरला आहे, हे या गडबडीमुळे जगभरच्या लोकांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

मुंबईतला तो फलक प्रत्यक्ष पाहिलेल्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. नव्याने बघणाऱ्यांनी मात्र सुरुवात पक्ष्यापासून करू नये. आधी कर्जाचा भाग बघा. एका पक्ष्याच्या निवडणुकीसाठी हा माणूस इतका जीव का टाकतो, ते मग आपोआप कळतं.