बर्लिनच्या मैफलीची तबकडी

गाण्याची तबकडी दोन प्रकारांनीं तयार होते. एका प्रकारांत गायक बंद खोलींत यंत्रासमोर उभा राहतो. कोठें सूर हलला, शब्द अडखळला, तर तेंच गाणें पुन्हां गातो, आणि जें निर्दोष उतरेल तेवढेंच बाहेर धाडतो. दुसऱ्या प्रकारांत यंत्रच मैफलींत जाऊन बसतें. टाळ्या, हंशा, गायकाचा चढलेला श्वास, सर्व कांहीं त्या तबकडींत उतरतें. पहिल्या प्रकारच्या तबकड्या अधिक सुबक असतात, हें आम्हांस मान्य आहे. तथापि आमच्या संग्रहांतील जी तबकडी आम्ही सर्वांत अधिक वेळां ऐकतों ती दुसऱ्या प्रकारची आहे, आणि तिच्यांत एक ढळढळीत चूक आहे. असें असून ती आम्हांस इतकी प्रिय कां, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ही तबकडी अमेरिकेंतील प्रख्यात जॅझ-गायिका एला फिट्झजेराल्ड हिच्या मैफलीची. मैफल झाली ती १३ फेब्रुवारी १९६० रोजीं, पश्चिम बर्लिनमधील डॉइचलांडहाले नांवाच्या विशाल सभागृहांत. साथीला अवघे चौघे : पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स आणि ड्रमवर गस जॉन्सन. समोर मात्र हजारों श्रोते.

तिनें त्या रात्रीं गाइलेलीं बहुतेक गाणीं श्रोत्यांच्या ओळखीचीं होतीं. जॅझच्या परंपरेंत अशा गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यांपैकीं बरींच नाटकांकरितां किंवा चित्रपटांकरितां म्हणून रचलीं गेलीं, आणि पुढें सर्वच गायकांचीं झालीं. जॉर्ज गर्श्विनचें ‘द मॅन आय लव्ह’ हें १९२४ सालचें. त्याचेंच ‘समरटाइम’ हें १९३५ सालच्या ‘पोर्गी अँड बेस’ ह्या संगीतिकेंतलें. हीं दोन्ही ह्या तबकडींत आहेत. आपल्याकडे यमनची एकच बंदिश शंभर गवई गातात. जाणता श्रोता बंदिश कोणती हें विचारीत नाहीं, आज ती कशी गाइली हें पाहतो. तसाच हा प्रकार समजावा. ‘द मॅन आय लव्ह’ एला इतक्या संथपणें गाते कीं, दोन ओळींच्या मध्यें एवढ्या मोठ्या सभागृहाची शांतता ऐकूं येते. थोड्याच वेळानें ‘टू डार्न हॉट’ येतें, आणि तीच बाई विजेसारखी धांवूं लागते.

आतां त्या चुकीविषयीं. ‘मॅक द नाइफ’ हें गाणें मूळचें जर्मन. कुर्ट वाइलचें संगीत व बेर्टोल्ट ब्रेख्तचे शब्द असलेल्या ज्या नाटकांत तें आहे, तें १९२८ सालीं ह्याच बर्लिन शहरांत प्रथम रंगभूमीवर आलें. त्याच नाटकाच्या आधारें पु. ल. देशपांडे यांनीं ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. तो १९७८ सालीं रंगभूमीवर आला, हें पालकांपैकीं पुष्कळांस स्मरत असेल. इंग्रजी रूपांत हें गाणें लुई आर्मस्ट्राँग व बॉबी डॅरिन ह्या दोघांनीं घरोघरीं पोंचविलें होतें. एखाद्या बाईनें तें गाइल्याचें आपण अजून ऐकलें नाहीं, तेव्हां प्रयत्न करून पाहूं. सर्व शब्द आठवले म्हणजे झालें, अशा अर्थाचें कांहींसें एला आरंभीं श्रोत्यांस सांगते.

पहिलीं कडवीं उत्तम जातात. मग मध्येंच शब्द तिला सोडून जातात. ठेका तर चालूच आहे. तो कोणासाठीं थांबत नाहीं. अशा वेळीं एला काय करते? त्याच चालींत, त्याच लयींत, पुढचे शब्द आपल्याला येत नाहींत हें ती गाऊनच सांगते! मग डॅरिन व आर्मस्ट्राँग यांचीं नांवें ती कडव्यांत गुंफते. आपण ह्या सुंदर गाण्याची दुर्दशा करून सोडली, अशी स्वतःची थट्टा करते. आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. पट्टी चढत जाते, आणि शेवटीं सारें सभागृह आनंदानें गर्जूं लागतें.

येथें विद्यार्थ्यांनीं भलताच बोध घेऊं नये. शब्द पाठ केले नाहींत तरी चालतें, असा ह्याचा अर्थ नाहीं. शब्द गेले तरी सूर व ताल तिच्यापाशीं राहिले, याचें कारण पंचवीस वर्षांची तपश्चर्या. तबकडींतील शेवटचें गाणें, ‘हाउ हाय द मून’, ऐकलें म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. त्यांत ती अर्थहीन अक्षरांवर, आपल्या तराण्यासारखी, सुमारें सात मिनिटें स्वरांशीं खेळते, आणि जातां जातां कितीतरी इतर गाण्यांचे तुकडे त्यांत विणते. ह्या प्रकारास ‘स्कॅट’ म्हणतात. ज्याच्या मनांत शेंकडों गाणीं मुरलेलीं आहेत त्यालाच हें साधतें.

तिचा आरंभही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तिचा जन्म १९१७ सालचा. आई १९३२ सालीं वारली, आणि मुलीचे पुढील दिवस फार हालांत गेले. २१ नोव्हेंबर १९३४ रोजीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील अपोलो थिएटरांत ती हौशी कलावंतांच्या स्पर्धेस उभी राहिली, ती नाचावयाचें ठरवून. परंतु तिच्याआधीं दोन बहिणींचा असा नाच झाला कीं, हिचा धीरच खचला. रंगमंच सोडून पळण्याऐवजीं ती गाऊं लागली, आणि पहिलें बक्षीस तिलाच मिळालें. बर्लिनमध्यें जें घडलें त्याचा पहिला पाठ तिनें सतराव्या वर्षींच घेतला होता, असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट ह्या मैफलीमागें उभी आहे. कुर्ट वाइल हा ज्यू होता. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर येतांच त्याला जर्मनी सोडावी लागली व त्याचें संगीत तेथें बंद झालें. ज्या सभागृहांत एला गाइली तें १९३५ सालीं, पुढील वर्षाच्या ऑलिंपिक सामन्यांकरितां, त्याच राजवटीनें बांधलें. आणि कृष्णवर्णीयांचें संगीत म्हणून जॅझची हेटाळणी केली तीही त्याच राजवटीनें. पंचवीस वर्षांनंतर त्याच सभागृहांत एक कृष्णवर्णीय बाई त्याच वाइलचें गाणें गात होती, आणि तिच्या विसरण्यावरसुद्धां जर्मन श्रोते टाळ्यांचा वर्षाव करीत होते. दीडच वर्षानें, ऑगस्ट १९६१ मध्यें, त्या शहराच्या मधून भिंत उभी राहिली. पुढें ती भिंत पडली. २०११ सालीं तें सभागृहही पाडलें गेलें. एला १९९६ सालीं निवर्तली. ती रात्र मात्र तबकडींत जशीच्या तशी आहे.

ती तशी राहिली याचें श्रेय तिचे व्यवस्थापक नॉर्मन ग्रान्झ यांचेंही आहे. हें गाणें ते सहज गाळूं शकले असते. तसें न करतां त्यांनीं संबंध तबकडीला त्याच गाण्याचें नांव दिलें. १९६१ सालीं तबकडीस एक व ह्या एका गाण्यास एक, असे दोन ग्रॅमी पुरस्कार तिला मिळाले.

हें सर्व आम्ही आज लिहीत आहों त्यास एक निमित्त आहे. दोन वर्षांपूर्वीं एका शाळेच्या स्नेहसंमेलनांत सातवींतील एक मुलगी भावगीत गात होती. गळा गोड, सूर स्वच्छ. दुसऱ्या कडव्याला तिचे शब्द गेले. पेटी वाजविणाऱ्या बाईंनीं तीच ओळ दोनदां वाजविली. मुलीनें मान खालीं घातली व ती आंत निघून गेली. एवढ्यानें भागलें असतें. परंतु कोणीतरी मोबाइलवर तें टिपलें होतें, आणि सायंकाळपर्यंत तें शंभर घरीं पोंचलें. त्यानंतर ती मुलगी कोठेंच गाइली नाहीं. घरींसुद्धां नाहीं, असें तिच्या वडिलांनीं आम्हांस सांगितलें.

गेल्या दिवाळींत आम्हीं तिला ही तबकडी ऐकविली. एला शब्द विसरली त्या ठिकाणीं तिनें चमकून आमच्याकडे पाहिलें, आणि गाणें संपल्यावर तें पुन्हां लावावयास सांगितलें. याहून अधिक ती कांहीं बोलली नाहीं. आम्हींही कांहीं विचारलें नाहीं. ती पुन्हां गाईल कीं नाहीं, हें तिचें तिनेंच ठरवावयाचें आहे.

बालमित्रांनो, चूक टिपणारें यंत्र बर्लिनमध्येंही होतें. फरक होता तो श्रोत्यांत. यंदाच्या संमेलनांत तुमचा एखादा सोबती अडखळला, तर त्याच्यासाठीं ठेका धरा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्या घटकेपुरता हातांतला मोबाइल खालीं ठेवावा. टाळी वाजविण्यास दोन्ही हात लागतात.