हिमनदीच्या दारी

कन्नडच्या माणसाला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही उभयता शाळकरी वयाचे होतो. शिवना नदीचे पात्र कोरडे पडले होते, वडीलधारी मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडीत होती आणि वाट्याला येणारी सुकडी आम्ही मुले पुरवून पुरवून खात होतो. त्याच आम्हांला २०२३ च्या ऑगस्टमध्ये जहाजाच्या डेकवर उभे राहून दिवसभर बर्फ पाहण्याचा योग आला.

सिएटलला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलाने ही अलास्काची सफर घडवून आणली. दहा वर्षांत तो दोनदाच घरी आला होता. ‘परत केव्हा येणार?’ हा प्रश्न आम्ही गाठोड्यात बांधूनच नेला होता, हे कबूल केले पाहिजे.

सकाळी जहाज ग्लेशियर बे या उपसागरात शिरले. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे रक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात. मुलगा ती आम्हांला मराठीत समजावीत होता. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरची माणसे येथे आली, तेव्हा उपसागराच्या मुखाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर आले, तोवर ती चाळीस मैलांहून अधिक मागे हटली होती. आता मुखापासून आतल्या टोकापर्यंत सुमारे पासष्ट मैल पाणीच पाणी आहे.

दुपारी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबले. मैलभर रुंदीचा, पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच असा तो निळसर कडा पाहून सारी माणसे मुकी झाली. एकाएकी कड्याचा एक भाग निखळून पाण्यात कोसळला. दृश्य आधी दिसले, आवाज मागाहून आला. येथील मूळचे त्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात.

या लोकांची गावे पूर्वी याच खोऱ्यात होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि त्यांना घरेदारे सोडावी लागली. बर्फ हटल्यावर तेथे समुद्र आला. २०१६ मध्ये, सुमारे अडीचशे वर्षांनी, उपसागराच्या काठी त्यांचे सामाईक घर पुन्हा उभे राहिले.

हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. २०१३ च्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली, तेव्हा ‘येथे काय ठेवले आहे? जा, शीक, तिकडेच काही कर’ असे म्हणून मुलाला धाडणारे आम्हीच होतो. त्याला बर्फाने हुसकले नव्हते. पाण्याच्या अभावाने हुसकले होते. इतकी वर्षे दोष मात्र आम्ही त्यालाच देत आलो.

जहाज हळूहळू वळले. डेकवरील गर्दी पांगली. मुलाने आईच्या अंगावर शाल नीट केली आणि हळूच विचारले, “बाबा, यंदा शिवनेला पाणी आहे का?”

“ऑगस्ट कोरडाच चाललाय, पोरा,” आम्ही म्हणालो.

तो बराच वेळ बर्फाकडे पाहत उभा राहिला. गाठोड्यातला प्रश्न आम्ही तसाच बांधून परत आणला.