गंजलेला टाइपरायटर आणि माझी एक चूक

वाचकहो, आपल्या घरात पलंगाखाली किंवा माळ्यावर एखादा जुना टाइपरायटर पडून असेल, तर तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी ही हकीकत वाचावी, अशी विनंती आहे.

आमच्या चिंचपाड्याचा पावसाळा भरघोस. भिंतींना ओल धरते आणि उघडे लोखंड बघता बघता तांबडे पडते. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक वृद्ध लिपिक येथे राहतात; गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते. त्यांचा गोदरेजचा मराठी टाइपरायटर असाच पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. गोदरेज अँड बॉइसने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला तो १९५५ साली. त्याचे उत्पादन थांबल्याची बातमी २०११ मध्ये वृत्तपत्रांनी छापली. मधल्या काळात कितीतरी सरकारी पत्रे आणि अर्ज अशाच यंत्रांवर उमटले. भाऊसाहेबांनीही पाड्यापाड्यांवरून आलेल्या माणसांचे अर्ज फावल्या वेळात टाइप करून दिले होते.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वाचा परतली, काठीच्या आधाराने चालणे जमू लागले. उजव्या हाताची बोटे मात्र आखडलेलीच राहिली. सूनबाई मनापासून सेवा करीत. सदऱ्याची गुंडी त्या लावीत, चहाची कपबशीही त्याच धरीत. भाऊसाहेब काही मागत नसत, काही विचारीतही नसत. मला त्या बोटांपेक्षा या गप्प बसण्याची काळजी अधिक वाटत होती.

त्यांना आनंद व्हावा म्हणून मी तो टाइपरायटर घरी नेला आणि गुपचूप साफ केला. काचकागदाने गंज घासला, सगळीकडे रॉकेल फिरवले आणि शेवटी दिसेल त्या सांध्यात सढळ हाताने तेल सोडले. यंत्र चकाकले. आठवड्याने ते त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने एक कळ दाबली. अक्षराची दांडी वर गेली आणि तेथेच अडकून राहिली.

“डॉक्टरसाहेब, दांड्यांना तेल सोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

कित्येक दिवसांत त्यांनी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता. माझी चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली, आणि ती केवळ तेलाची नव्हती. जे काम त्यांचे होते, तेच मी त्यांच्या हातून काढून घेतले होते.

पुढचे सहा रविवार ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धवर्तुळाकार खाचांत बसतात, तेथे तेल घालायचे नसते. तेलावर धूळ बसून चिकटा तयार होतो. खाचा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशाने धुवाव्यात आणि कोरड्या होऊ द्याव्यात. तेलाचा एखादा थेंब द्यायचा तो रोलर ज्या रुळांवरून सरकतो, तेवढ्यालाच. रबरी रोलरला रॉकेल लावू नये, रबर खराब होते. कळांवरील अक्षरे स्पिरिटने पुसली जाऊ शकतात. तेथे ओले फडके पुरे. अडकलेली कळ जोर लावून ओढू नये, दांडी वाकते. अक्षरांच्या खोबणीत साचलेली शाई जुन्या दात घासायच्या ब्रशाने निघते. हे शेवटचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. प्रथम डाव्या हाताने केले, मग उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन. आम्ही पंधरा मिनिटांहून अधिक बसत नसू. पक्षाघातानंतर ओळखीच्या, अर्थपूर्ण कामाचा वारंवार सराव हाताला उपयोगी पडतो. भौतिकोपचार मात्र चालूच ठेवावेत, आणि खांदा किंवा बोटे दुखू लागली तर थांबावे.

घरी असे काम काढणार असाल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. धनुर्वात गंजामुळे होत नाही. माती, धूळ आणि शेण यांत असलेल्या त्याच्या जंतूंमुळे होतो. गंजलेल्या वस्तूवर ही घाण असते आणि तिची जखम खोल जाते, म्हणून गंजाचे नाव झाले. जखम झाल्यास साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. अनेक वृद्धांना धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली हेच आठवत नाही. ती दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर काम संपल्यावर हात उजेडात नीट पाहावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर गंज घासण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. कोरडा गंज झटकू नये. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावा. स्पिरिट आणि रॉकेल उघड्या खिडकीशी, चुलीपासून आणि देवापुढच्या दिव्यापासून दूर वापरावे. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. कोणी चुकून प्यायलेच, तर ओकारी काढू नये. ते फुफ्फुसात उतरते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

भाऊसाहेबांची बोटे पूर्ववत झाली, असे मी म्हणणार नाही. उजव्या हाताची करंगळी अजून कळेवर पोचत नाही. पण नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली, तेव्हा सोबत जोडायचे पत्र त्यांनी स्वतः टाइप केले. पक्षाघातानंतर सही बदलली आहे, तिचा नवा नमुना नोंदवून घ्यावा, असा मजकूर होता. पाच ओळींना पाऊण तास लागला. सूनबाई दोनदा मदतीला उठल्या आणि दोन्ही वेळा आपण होऊन परत बसल्या.

आपण कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर आज एवढेच पाहावे: त्यांचे कोणते काम आपण प्रेमापोटी आणि घाईपोटी आपल्याकडे घेतले आहे? सदऱ्याची खालची एक गुंडी का होईना, ती त्यांना परत द्यावी आणि शेजारी बसून राहावे.