पानिपतचा एक इंजिनिअर

महाराष्ट्रात आपण पानिपत हे गाव म्हणून कमी आणि पराभव म्हणून जास्त ओळखतो. कुणी निवडणुकीत आपटला की ‘त्याचे पानिपत झाले’ असे सहज म्हणतो. दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरवरच्या या गावी गेलो तेव्हा आम्हाला निराळेच पानिपत दिसले. चादरी-सतरंज्यांची दुकाने, बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद, १७६१ च्या रणाची याद देणारा काला आंब आणि भर वस्तीत हजरत बू अली शाह कलंदर यांचा दर्गा. त्याच आवारात मौलाना अल्ताफ हुसैन हाली यांची कबर आहे. आम्ही तेथे फातिहा पढलो.

हालींच्या याच गावात २२ जानेवारी १९२२ रोजी डॉ. मुबश्शिर हसन जन्मले. मुंबईत नाव कमावणारे लेखक ख्वाजा अहमद अब्बासही इथलेच. मुबश्शिर हसन लाहोरला इंजिनिअर झाले, अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली आणि परतून लाहोरलाच विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

पानिपतवरून जाणारा जुना जीटी रोड अंबाला, अमृतसर करत लाहोरलाच पोहोचतो. आमच्यासारख्यांची वाट सीमेवर अडते, म्हणून त्यांच्या गुलबर्गमधल्या घराविषयी वाचूनच समाधान मानावे लागले. १९६७ मध्ये त्याच घराच्या अंगणात जुल्फिकार अली भुट्टोंच्या पीपल्स पार्टीची स्थापना झाली. डिसेंबर १९७१ मध्ये, ढाका हातचे गेल्यावर, मोडलेल्या देशाची तिजोरी या इंजिनिअरच्या हाती आली. जानेवारी १९७२ मध्ये दहा प्रकारचे मूलभूत उद्योग सरकारी ताब्यात गेले. मे महिन्यात एका डॉलरचा भाव पावणेपाच रुपयांवरून अकरा रुपये झाला. मजुरांना आशा वाटली, पण भांडवलदार बिथरले आणि कारखान्यांवर बाबूंचे राज्य आले. या धोरणाचे हिशेब आजही मांडले जातात. १९७४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

धोरणावर टीका करणारेही त्यांच्या सचोटीवर बोट ठेवत नाहीत. अर्थमंत्री राहिलेला हा माणूस पुढेही त्याच घरात राहिला आणि जुनी फोक्सवॅगन चालवत राहिला. खुर्ची गेली की पुष्कळांचे काम संपते. यांचे मोठे काम नंतर सुरू झाले. दोन्ही देशांच्या सामान्य माणसांनी एकमेकांना भेटावे म्हणून पाकिस्तान-भारत जनमंच उभा राहिला, त्यात ते पुढे होते. त्याचे पहिले संयुक्त अधिवेशन १९९५ मध्ये दिल्लीत भरले. त्यानंतर कारगिल झाले, व्हिसा बंद झाले, पुन्हा सुरू झाले. त्यांनी मात्र हे काम सोडले नाही. १४ मार्च २०२० रोजी लाहोरमध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यातल्या कितीतरी घरांत सीमेपलीकडे गेलेली मावशी, चुलते आहेत. त्यांच्या जनाज्यालाही पोहोचता येत नाही. या दुःखाचे मोल पानिपतच्या त्या इंजिनिअरला कळत होते. पानिपतला गेलात तर काला आंब जरूर पाहा, हालींच्या कबरीवर फातिहाही पढा. आणि मुलांना सांगा, या मातीतून केवळ लढाया नाही, सुलह मागणारी माणसेही उठली.